खंडणी : एक शब्द, तीन व्यवहार



आजचा शब्द आहे 'खंडणी'. मुंबई-ठाण्याच्या माणसासमोर हा शब्द उच्चारा, त्याला परदेशातून आलेला धमकीचा फोन आठवतो. इतिहासाची आवड असलेल्याला मराठ्यांच्या स्वाऱ्या आठवतात. इंदूर-भोपाळकडच्या मराठी माणसाला हिंदी वर्तमानपत्रातला 'फिरौती' हा शब्द आठवतो, म्हणजे पळवून नेलेलं मूल आणि त्याच्या सुटकेसाठी मागितलेले पैसे. आणि अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) एखाद्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात विचारलंत, तर तिथे हा शब्द चर्चमध्ये वाचला जातो. कोणी चुकलेलं नाही, मात्र प्रत्येक जण वेगळ्याच व्यवहाराबद्दल बोलतो आहे.

मी भाषांतराचं काम करते, म्हणून हा गुंता माझ्या टेबलावर नेहमी येतो. इंग्रजीत तीन वेगळे शब्द आहेत. कैदेतल्या माणसाच्या सुटकेची किंमत म्हणजे रॅन्सम. धाक दाखवून उकळलेले पैसे म्हणजे एक्स्टॉर्शन. हरलेल्या किंवा दबलेल्या सत्तेने बलवान सत्तेला द्यायची रक्कम म्हणजे ट्रिब्यूट. मराठीत या तिन्ही ठिकाणी आपण 'खंडणी' लिहितो आणि पुढे जातो. एका शब्दाला तीन अर्थ असणं हा भाषेचा दोष नाही. पण आपण कोणत्या व्यवहाराबद्दल बोलतोय हे न ओळखता तो वापरला, तर बातमी चुकीची समजते, इतिहासाबद्दलची भांडणं भलतीकडे जातात आणि पोलीस ठाण्यात दिलेली तक्रार कमकुवत होते.

सुरुवात शब्दाच्या मुळापासून करू. 'खंडणे' या क्रियापदाचा एक अर्थ तोडणं, तुकडे करणं. तो सगळ्यांना माहीत आहे. दुसरा अर्थ आता मागे पडलाय : ठरवणं, रक्कम पक्की करणं. जुन्या मराठीत भाव 'खंडून' घेत, म्हणजे एकदाच काय तो ठरवून टाकत. शेतीत हा अर्थ अजून जिवंत आहे. जमीन 'खंडाने' दिली, म्हणजे पीक कमी येवो की जास्त, मालकाला ठरलेली रक्कम किंवा ठरलेलं धान्य मिळणार. महाराष्ट्रातले 'खंडकरी शेतकरी' तुम्ही ऐकले असतील. साखर कारखान्यांना ज्यांनी जमिनी खंडाने दिल्या आणि पुढे त्या परत मिळवण्यासाठी ज्यांना अनेक दशकं झगडावं लागलं, ते हे शेतकरी. त्यांच्या नावातला 'खंड' आणि आपल्या 'खंडणी'तला 'खंड' एकच.

म्हणजे या शब्दाच्या पोटात मुळात धमकी नाही, बंदुकही नाही. त्यात आहे घासाघीस करून पक्का केलेला आकडा. ही घासाघीस बरोबरीच्या माणसांत झाली तर तो करार होतो. एका बाजूच्या हातात तलवार असली की त्याच करारापोटी खंडणी द्यावी लागते.

आता पहिला व्यवहार पाहू, राज्याराज्यांमधला.

जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले. शहरात शिरण्याआधी त्यांनी निरोप पाठवला, की मोगल सुभेदार इनायतखान आणि हाजी सय्यद बेग, बहरजी बोहरा, हाजी कासम या तीन बड्या व्यापाऱ्यांनी येऊन रक्कम ठरवावी. ते आले नाहीत. सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर लुटलं गेलं. या प्रसंगाला आपण 'सुरतेची लूट' म्हणतो आणि तो शब्द अचूक आहे. बोलणी झाली असती, आकडा ठरला असता, तर तीच रक्कम खंडणी ठरली असती. खंडणी आणि लूट यांच्यात फरक आहे तो बोलणी होण्याचा. खंडणी देणारा लूट टाळण्यासाठी देतो. दोन्हीकडे पैसा जातोच. पण खंडणीत आकडा ठाऊक असतो आणि घरदार शाबूत राहतं.

त्या काळच्या कागदांत पैसे घेण्याचे प्रकार नावानिशी वेगळे आहेत. चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा. तो दरवर्षीचा हक्क म्हणून सांगितला जाई, आणि 1719 मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांपुरत्या त्याच्या सनदा मोगल बादशहाकडून मिळाल्या. सैन्याच्या दाणावैरणीच्या नावाने घेत तो घासदाणा. मोठ्याला मान म्हणून देत ती पेशकश किंवा नजराणा. आणि प्रसंगी ठरवून घेत ती खंडणी. घेणाऱ्याच्या दप्तरात हे सगळे रकाने वेगळे होते.

देणाऱ्याच्या घरात मात्र ते तितके वेगळे नव्हते. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या 1740 च्या दशकात बंगालवर झाल्या. 1751 च्या तहात अलिवर्दीखानाने वर्षाला 12 लाख रुपये चौथ द्यायचं कबूल केलं. नागपूरच्या हिशेबात तो हक्काचा पैसा. बंगालमध्ये मात्र मराठा स्वार 'बर्गी' या नावाने थेट अंगाईगीतात जाऊन बसला, मुलांना झोपवताना भीती घालायला. आज कोलकात्यात राहणाऱ्या मराठी माणसाला हे कधीतरी ऐकवलं जातंच. त्यावर चिडायची गरज नाही आणि मान खाली घालायचीही नाही. एवढं लक्षात ठेवावं की एकाच रकमेला घेणारा एक नाव देतो आणि देणारा दुसरं. इतिहास वाचताना दोन्ही नावं वाचायला हवीत.

गुजरातमध्ये हा शब्द आणखी टिकला. गुजरातीत आजही 'खंडणी' असंच म्हणतात. काठियावाडातल्या संस्थानिकांकडून पेशवे आणि बडोद्याचे गायकवाड दरवर्षी फौज नेऊन पैसे घेत. तिला मुलूखगिरी म्हणत. आकडा दरवर्षी नव्याने ठरे, म्हणून फौजही दरवर्षी जाई. 1807 मध्ये कर्नल वॉकरच्या मध्यस्थीने आकडे कायमचे ठरवण्यात आले. 'खंडणे' म्हणजे ठरवणे, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला सापडत नाही. रक्कम एकदा पक्की झाली की दरसाल फौज नेण्याचं कारणच उरत नाही.

आता दुसरा व्यवहार : माणसाच्या सुटकेची किंमत.

राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला मदत केली. त्याचा जाब म्हणून 1661 मध्ये राजापूर घेताना महाराजांनी त्यातल्या काही जणांना कैद केलं. त्यांच्या सुटकेच्या रकमेवरून बराच काळ बोलणी चालली आणि ते 1663 मध्ये सुटले. इथे खंडणीचा अर्थ सुरतेच्या निरोपातल्यासारखा नाही. इथे माणूस ताब्यात आहे आणि तो परत हवा असेल तर किंमत द्यायची आहे.

इंग्रजी 'रॅन्सम' नेमका इथे बसतो. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिन 'रिडेम्प्टिओ', म्हणजे परत विकत घेणं. 'रिडेम्प्शन', मुक्ती किंवा तारण, हाही त्याच मुळाचा. हिंदी 'फिरौती'तही फिरवणं, परत देणंच आहे. बंगालीत तर सरळ 'मुक्तिपण' म्हणतात. या तिन्ही शब्दांमध्ये सुटका दिसते. मराठी 'खंडणी'त सुटका दिसत नाही, दिसतो फक्त आकडा. आपल्या गोंधळाचं खरं कारण हे आहे.

तरीही मराठीने हा शब्द सुटकेच्या फार उंच अर्थाने वापरलेला आहे. मार्काच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायाच्या 45 व्या वचनात, येशू आपला जीव अनेकांसाठी मोबदला म्हणून देतो असं म्हटलं आहे. मूळ ग्रीक शब्द आहे 'लुट्रॉन', म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्यासाठी मोजलेली किंमत. मराठी बायबलमध्ये तिथे 'खंडणी' आहे. बाहेरच्या वाचकाला ते वाचून क्षणभर दचकायला होतं, कारण त्याच्या डोक्यात गुंडाचा फोन असतो. पण भाषांतर योग्य आहे. खंडणी मागणाऱ्यापेक्षा ती भरून दुसऱ्याला सोडवणाऱ्याकडे तिथे लक्ष वेधलेलं आहे. सुटकेच्या व्यवहारात तीन जण असतात, हे त्यातून कळतं : पकडणारा, पकडलेला आणि भरणारा.

इथेच 'ओलीस' हा शब्दही नीट पाहून घेऊ. 1792 मध्ये श्रीरंगपट्टणच्या तहात टिपू सुलतानाने निम्मं राज्य आणि 3 कोटी 30 लाख रुपये द्यायचं मान्य केलं. इंग्रज, निजाम आणि मराठे हे तिघे समोरच्या बाजूला होते. सगळी रक्कम एकदम देणं शक्य नव्हतं, म्हणून टिपूचे दोन लहान मुलगे लॉर्ड कॉर्नवॉलिसकडे ओलीस ठेवले गेले. ते 1794 मध्ये परत आले. इथे रक्कम युद्धाची आणि मुलं त्या रकमेची हमी. रक्कम आधी ठरली, मुलं नंतर आली. आजच्या अपहरणात क्रम उलटा असतो : आधी मूल उचलतात, मग आकडा सांगतात. गावावर खंडणी बसवायची आणि ती पुरी होईपर्यंत प्रतिष्ठित माणसं सोबत न्यायची, ही त्या काळची रीतच होती. माझ्या मते, ठरलेल्या रकमेचा 'खंडणी' आणि सुटकेच्या किमतीचा 'खंडणी' हे दोन्ही अर्थ याच वाटेवर एकमेकांत मिसळले असावेत.

तिसरा व्यवहार आपल्याला सगळ्यात ओळखीचा आहे. तो म्हणजे धाकाची किंमत.

इथे कोणीही कैदेत नसतं. दुकानदार आपल्या दुकानात असतो, बिल्डर आपल्या कचेरीत. फोन येतो : इतके पाठव, नाहीतर बघ. पैसे देऊन काहीही परत मिळत नाही. जे आधीपासून आपलंच आहे, ते फक्त शाबूत राहतं. मुंबई पोलिसांच्या 'खंडणीविरोधी पथका'चं काम मुख्यतः याच गुन्ह्याचं. याची रोजची आवृत्ती म्हणजे 'हप्ता'. बिहार-उत्तर प्रदेशात 'रंगदारी', बंगालमध्ये 'तोलाबाजी'. 'हप्ता' हा शब्द फार प्रामाणिक आहे. पैसे पुन्हा द्यावे लागणार हे तो आधीच सांगून टाकतो.

सुटकेची किंमत आणि धाकाची किंमत यांत मला हा सगळ्यात मोठा फरक वाटतो. सुटकेच्या व्यवहाराला निदान कागदावर शेवट असतो. माणूस घरी आला, संपलं. धाकाच्या व्यवहाराला शेवट नसतो, कारण विकत घेतलेली वस्तू म्हणजे समोरच्याचा संयम असतो, आणि तो त्याला दर महिन्याला पुन्हा विकता येतो.

कायदा या दोन गोष्टींकडे कसं पाहतो? 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 383 हे एक्स्टॉर्शनचं. मराठी कायद्याच्या भाषेत त्याला 'बलाद्ग्रहण' असा भारदस्त शब्द आहे, हिंदीत 'उद्दापन'. दोन्ही शब्द न्यायालयाच्या आवाराबाहेर कोणी वापरत नाही. गंमत म्हणजे त्या कलमाखालचं एक उदाहरण मुलाला डांबून ठेवण्याचं आहे : वचनचिठ्ठीवर सही कर, नाहीतर मुलाला सोडणार नाही. वडील सही करतात. म्हणजे मूळ कायद्यात सुटकेची खंडणी हा धाकाच्या खंडणीचाच एक प्रकार होता. वेगळं कलम आलं 1993 मध्ये, 364 अ. खंडणीसाठी अपहरण, शिक्षा मृत्युदंड किंवा जन्मठेप. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात धाकाच्या खंडणीचं कलम आहे 308, आणि तिची साधी शिक्षा 3 वर्षांवरून 7 वर्षांपर्यंत वाढली आहे. अपहरणाच्या खंडणीचं कलम आहे 140, पोटकलम 2. तिथे शिक्षा पूर्वीचीच, मृत्युदंड किंवा जन्मठेप.

एका बाजूला 7 वर्षं, दुसऱ्या बाजूला फाशी. आणि बोलताना आपण दोन्हींना 'खंडणी' म्हणतो. म्हणून तक्रारीत तपशील महत्त्वाचे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तेलंगणातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की 364 अ साठी अपहरण झालं आणि पैसे मागितले एवढं सिद्ध करून भागत नाही. जिवे मारण्याची किंवा इजा करण्याची धमकी, किंवा तशी रास्त भीती वाटावी असं वर्तन, हेही सिद्ध व्हावं लागतं. त्या प्रकरणात ते झालं नाही, म्हणून या कलमाखालची शिक्षा रद्द झाली आणि साध्या अपहरणाची शिक्षा झाली. याचा सामान्य माणसासाठी अर्थ असा : जबाबात फक्त 'खंडणी मागितली' असं लिहून थांबू नका. नेमके कोणते शब्द वापरले, काय करण्याची धमकी दिली, कोणत्या नंबरवरून, किती वाजता, हे सगळं लिहून घ्या.

धाकाच्या खंडणीत आणखी एक बारकावा आहे. पैसे किंवा वस्तू हातातून गेली की तो गुन्हा पुरा होतो. पण त्यासाठी नुसती भीती घालणं हाही त्याच कलमात वेगळा गुन्हा आहे. त्यामुळे 'अजून दिले नाहीत, मग तक्रार कशाची करू' असं समजून गप्प बसायचं कारण नाही.

मागणी पैशाची नसेल तर? 30 जुलै 2000 रोजी वीरप्पनने कन्नड अभिनेते राजकुमार यांना गाजनूरहून पळवून नेलं. ते 108 दिवसांनी, 15 नोव्हेंबरला सुटले. त्याच्या जाहीर मागण्यांमध्ये कावेरीचं पाणी होतं, बंगळूरमधला तिरुवळ्ळुवर यांचा पुतळा होता, टाडाखालच्या कैद्यांची सुटका होती. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान कंदाहारला नेलं गेलं. मागण्यांमध्ये 20 कोटी डॉलरही होते. शेवटी पैसा मागे पडला आणि तीन दहशतवादी सोडावे लागले. अशा मागण्यांना मराठीत सहसा खंडणी म्हणत नाहीत. आपला कान इथे बरोबर आहे. आकडा नाही तर खंडणी नाही. कायद्यातही 'एखादी गोष्ट करायला किंवा न करायला भाग पाडणे' आणि 'रॅन्सम द्यायला भाग पाडणे' असे दोन भाग वेगळे लिहिलेले आहेत. अशा वेळी 'ओलिसांच्या बदल्यात' एवढं साधं म्हणावं.

आता या जुन्या शब्दाला नवी नोकरी लागली आहे : रॅन्समवेअर. 12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' जगभर पसरला. संगणकातल्या फायली कुलूपबंद करून तो 300 डॉलर बिटकॉइनमध्ये मागायचा. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर अशाच हल्ल्यात बंद पडले आणि नोंदी हाताने करायची वेळ आली. इथे माणसाऐवजी माहिती ओलीस असते, म्हणून तो सुटकेचा व्यवहार. पण 2019 नंतर या टोळ्यांनी पद्धत बदलली. कुलूप लावण्याआधी माहितीची नक्कल चोरायची आणि म्हणायचं, फायली परत हव्या असतील तर पैसे दे, आणि ही माहिती उघड होऊ नये असं वाटत असेल तर त्याचेही दे. पहिली मागणी सुटकेची, दुसरी धाकाची. फायली उघडल्या की नाही हे तपासता येतं. नक्कल पुसली की नाही हे कधीच तपासता येत नाही. फरक ओळखणाऱ्याला हे कळतं, की दुसऱ्या मागणीचे पैसे म्हणजे पहिला हप्ता.

आणि आता 'डिजिटल अरेस्ट'. व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस सांगतो, तुम्ही अटकेत आहात, खोलीबाहेर जायचं नाही, पैसे भरा म्हणजे सुटाल. वयस्कर, शिकलेली माणसं दिवसचे दिवस खोलीत बसून राहिली आहेत. पकडणारा समोर नाही, दाराला कुलूप नाही. माणूस स्वतःच्याच घरात, स्वतःचाच ओलीस होतो आणि स्वतःच भरणाराही. मघाचे तिन्ही जण एकाच माणसात. अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. फोन ठेवा, घरच्यांना सांगा आणि 1930 या हेल्पलाइनवर कळवा.

तर मग शब्द कसा वापरायचा? 'खंडणी' टाकून द्या असं मी म्हणणार नाही. इतका मुरलेला शब्द टाकता येत नाही. फक्त त्याला सोबत द्या. माणूस ताब्यात असेल तर 'सुटकेसाठी खंडणी' म्हणा. धाक असेल तर 'धमकावून खंडणी' म्हणा, किंवा सरळ 'पैसे उकळणे'. इतिहासात असेल तर ती चौथ होती, पेशकश होती की प्रसंगी ठरवलेली रक्कम, ते पाहून लिहा. आणि बातमीत हा शब्द दिसला की स्वतःला तीन प्रश्न विचारा. ताब्यात कोण किंवा काय आहे? पैसे दिल्यावर देणाऱ्याला काय परत मिळणार? आणि दिल्यावर विषय संपणार का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर समोरचा कितीही म्हणो की एकदाच दे, शेवटचं दे, तो आकडा अजून खंडलेला नाही. तो पुढच्या महिन्यात वाढणार आहे. ज्याला हे पहिल्या फोनलाच कळलं, तो दुसऱ्या फोनची वाट न पाहता पोलिसांकडे जाईल.